पडलेल्या विमानातली माणसं

मागच्या महिन्यात एक सहकारी रजेवर होते, म्हणून आठवीचा ऑफ तास माझ्या वाट्याला आला. मी उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास माझा विषय नाही, फक्त आवड आहे. ऑफ तासाला पुस्तक काढा म्हटलं की मुलं तोंडं वाकडी करतात, म्हणून मीच विचारलं, सध्या घरी काय चाललंय? शेवटच्या बाकावरचे दोघं-तिघं मोबाइलवर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा गेम खेळतात असं कळलं. एकाने मोठ्या अभिमानाने सांगितलं की त्याने रविवारी चाळीस 'झिरो' पाडली. मग जपान्यांचं झिरो भारी की अमेरिकेचं हेलकॅट भारी, यावर वर्गात दोन पक्ष पडले. पुढच्या बाकावरची एक मुलगी एरवी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, "सर, अंदर के लोगां का क्या होता?"

गेममध्ये काहीच होत नाही. विमान फुटतं आणि आकडा वाढतो. मी तिला जे सांगितलं ते अर्धवट होतं आणि तेवढ्यात बेल झाली. घरी येऊन कपाटातली जुनी पुस्तकं काढली, रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर इथे लिहितोय.

पॅसिफिकचं युद्ध पाण्यावरचं युद्ध होतं, हे आधी लक्षात घ्यावं लागतं. युरोपात विमान पडलं तर ते कुणाच्या तरी शेतात, कुणाच्या तरी गावाजवळ पडायचं. कुणी तरी धूर बघायचं, कुणी तरी प्रेत पुरायचं. पॅसिफिकमध्ये विमान पाण्यात पडायचं, नाही तर न्यू गिनीच्या अशा जंगलात की चार पावलांवरून दिसू नये. आणि पाडायला दरवेळी शत्रू लागायचा असंही नाही. १६ एप्रिल १९४४ रोजी न्यू गिनीत हॉलंडियावर हल्ला करून परतणाऱ्या अमेरिकी विमानांच्या वाटेत ढगांची भिंत उभी राहिली. त्या एका दुपारी ३७ विमानं गेली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली, ती हवामानामुळे. त्यांच्या हवाई दलात तो दिवस 'काळा रविवार' म्हणून ओळखला जातो.

मिडवेची लढाई बहुतेकांना ऐकून माहीत असते. ४ जून १९४२. अमेरिकेच्या 'हॉर्नेट' या विमानवाहू नौकेवरून टॉर्पेडो टाकणारी १५ विमानं निघाली. ही डेव्हास्टेटर जातीची विमानं संथ होती. टॉर्पेडो नीट पाण्यात पडावा म्हणून त्यांना पाण्यालगत, सरळ रेषेत आणि आणखी हळू जावं लागायचं. संरक्षणाला सोबत एकही लढाऊ विमान नव्हतं. पंधराच्या पंधरा पडली. त्यांच्यात ३० माणसं होती, त्यातला एक वाचला. एन्साइन जॉर्ज गे. त्या दिवसाआधी टॉर्पेडो लावलेलं विमान आपण कधी उडवलंच नव्हतं, असं त्याने नंतर सांगितलं. त्याच्या मागच्या सीटवरचा गनर विमानातच गेला. गे जखमी अवस्थेत पाण्यात, शत्रूच्या जहाजांच्या मधोमध, सीटची गादी डोक्यावर धरून लपून राहिला. तिथूनच त्याने तीन जपानी विमानवाहू नौका पेटलेल्या पाहिल्या. दुसऱ्या दिवशी एका कॅटालिना विमानाला तो दिसला. कॅटालिना पाण्यावर उतरू शकायचं. त्याने उतरून त्याला उचललं.

त्या सकाळी तीन अमेरिकी नौकांवरून टॉर्पेडोची एकूण ४१ विमानं गेली होती. परत आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि एकाचाही टॉर्पेडो लागला नाही. इतिहासकार सांगतात की त्यांच्या हल्ल्यांमुळे जपानी गुंतून पडले, त्यांना स्वतःचा हल्ला सोडायला उसंत मिळाली नाही, आणि म्हणून नंतर वरून आलेल्या बॉम्बर विमानांचं काम झालं. ते खरंच असेल. पण त्या २९ जणांना हे कुणी सांगू शकलं नाही. त्याच लढाईत तीन अमेरिकी वैमानिक आणि गनर जिवंत जपान्यांच्या हाती लागले. त्यांची चौकशी केली आणि मग जहाजावरच त्यांना मारून टाकलं. यातल्या दोघांना वजन बांधून समुद्रात ढकललं.

हे वाचून जपानी तेवढे क्रूर असं कुणी म्हणायच्या आत मार्च १९४३ ची बिस्मार्क समुद्राची लढाई सांगायला हवी. जपानी लढाऊ विमानांनी एका जळत्या बॉम्बरमधून पॅराशूटने उतरणाऱ्यांवर हवेतच गोळ्या झाडल्या. पुढचे काही दिवस अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन विमानांनी, बोटींनी बुडालेल्या जहाजांतून पोहत असलेल्या जपानी सैनिकांवर, त्यांच्या होड्यांवर मशीनगन चालवल्या. पाण्यात पडलेला माणूस म्हणजे उद्या परत लढायला येणारा माणूस, असा हिशेब दोन्हीकडे होता.

आता झिरो. मुलांचं म्हणणं चूक नाही, विमान देखणं होतं आणि पहिलं वर्ष त्याने आकाश गाजवलं. हलकं होतं, म्हणून चपळ होतं आणि लांब जायचं. हलकं का होतं? वैमानिकाच्या पाठीमागे पोलादाचा पत्रा नव्हता. गोळी लागली की आपोआप बुजणारी पेट्रोलची टाकी नव्हती. रबाऊलच्या काही वैमानिकांनी आणखी वजन वाचवायला रेडिओसुद्धा काढून टाकले होते. वाचलेलं वजन म्हणजे माणसाला वाचवणारं सामान होतं. गेममध्ये झिरो इतकं पटकन पेटतं, ती गेम बनवणाऱ्यांची कल्पना नाही.

साबुरो साकाई हे नाव विमानांच्या पुस्तकांत हमखास येतं. नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणासाठी त्यांच्या वेळी दीड हजार अर्ज आले, ७० घेतले आणि २५ पास झाले, असं त्यांनी लिहून ठेवलंय. आमच्या डीएड-बीएडच्या मेरिट लिस्टही यापुढे दयाळू वाटाव्यात. ७ ऑगस्ट १९४२ ला साकाई रबाऊलहून ग्वादलकॅनालला गेले. एका बाजूचंच अंतर सुमारे एक हजार किलोमीटर. तिथे अमेरिकी बॉम्बरच्या मागच्या गनरांची गोळी डोक्याला लागली. डोळ्यांवर रक्त, डावा हात लुळा, अशा अवस्थेत पावणेपाच तास उडून ते रबाऊलला परतले. उजव्या डोळ्याची दृष्टी गेली ती गेलीच. ते परतले म्हणून ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. त्याच वाटेवर जखमी होऊन जे पाण्यात पडले त्यांना शोधायला जायची नीट व्यवस्थाच जपानने उभी केलेली नव्हती.

मिडवेला जपानचे निष्णात वैमानिक संपले आणि तिथेच युद्ध फिरलं, असं मीही वर्गात कधी तरी बोलून गेलोय. ते बरोबर नाही. मिडवेला जपानच्या चार विमानवाहू नौका आणि सुमारे २५० विमानं गेली, पण विमानातली माणसं मेली ती ११०. बाकीचे बरेच जण बुडणाऱ्या जहाजांवरून दुसऱ्या जहाजांवर आले. पुढे ऑक्टोबर १९४२ मध्ये सांताक्रूझ बेटांजवळ लढाई झाली. तीत जपानने 'हॉर्नेट' बुडवली, कागदावर ती लढाई जिंकली आणि त्या एका दिवसात १४८ वैमानिक आणि त्यांचे साथी गमावले. हरलेल्या मिडवेपेक्षा जिंकलेली सांताक्रूझ महाग पडली. विमान कारखान्यात काही आठवड्यांत होतं. त्यात बसणारा माणूस तयार व्हायला वर्षं लागतात, आणि त्याला शिकवणारा दुसरा अनुभवी माणूस जिवंत लागतो. अमेरिका मुरलेल्या वैमानिकांना ठराविक काळानंतर घरी बोलावून नव्या पोरांना शिकवायला बसवायची. जपानने त्यांना मरेपर्यंत उडवलं. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट जास्त लागली.

त्याचं फळ जून १९४४ मध्ये फिलिपाइन समुद्रात दिसलं. जपानी वैमानिकांतल्या काही तुकड्यांचं प्रशिक्षण जेमतेम दोन-तीन महिन्यांचं होतं. १९ जूनला त्यांची शेकडो विमानं पडली. अमेरिकी पोरांनी त्या दिवसाला टर्की कोंबड्यांच्या शिकारीचं नाव दिलं, आणि ते नाव पुस्तकांत आजही तसंच छापतात.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवसाची रात्र. २० जूनला संध्याकाळी जपानी जहाजांचा पत्ता लागला. अंतर इतकं की गेलेली विमानं पेट्रोल संपता संपता आणि काळोखात परतणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी २१६ विमानं गेली. परतताना अंधारात खाली काही दिसेना. युद्धातल्या जहाजाने रात्री दिवा लावायचा नसतो, पाणबुड्या टपलेल्या असतात. ॲडमिरल मिट्शर यांनी सगळ्या ताफ्याला दिवे लावायचा हुकूम दिला. सर्चलाइट आकाशात सोडले. ज्याला जे जहाज दिसलं त्यावर तो उतरला, उरलेले पाण्यात उतरले. शत्रूने पाडली २० विमानं. उतरताना आणि पाण्यात पडून गेली ८०. मग रात्रभर आणि पुढचे दिवस छोटी जहाजं, पाण्यावर उतरणारी विमानं माणसं वेचत फिरली. २०९ जण परतले नव्हते, त्यातले १६० सापडले. ४९ सापडले नाहीत.

ज्या अमेरिकेवर मी एरवी या ब्लॉगवर टीका करतो, तिच्याबद्दल हे लिहिताना हात आखडता घ्यायचं कारण नाही. हल्ल्याच्या वाटेवर पाणबुड्या उभ्या करायची पद्धतही त्यांनी पाडली. विमान पडलं की पाणबुडीने वर येऊन माणूस उचलायचा. युद्धभरात अशी ५०४ माणसं उचलली गेली. त्यातलं एक नाव पुढे राष्ट्राध्यक्ष झालं. २ सप्टेंबर १९४४ ला चिचिजिमा बेटावर वीस वर्षांच्या जॉर्ज बुशचं विमान पेटलं. 'फिनबॅक' पाणबुडीने त्याला रबरी होडीतून उचललं. त्याच्यासोबतचे दोघं, डिलेनी आणि व्हाइट, वाचले नाहीत. त्यातल्या एकाने उडी मारली होती, त्याचं पॅराशूट उघडलं नाही. त्याच बेटावर पकडल्या गेलेल्या अनेक वैमानिकांना जपानी अधिकाऱ्यांनी मारलं, आणि युद्धानंतर तिथल्या सेनापतीला त्यासाठी फाशी झाली.

आणि जे सापडलेच नाहीत? त्यांच्या घरी तार जायची. बेपत्ता. आपल्या भाषेत हा शब्द किती सहज वापरतो आपण. घरातल्या बाईसाठी त्याचा अर्थ ना सुहागन, ना बेवा. अमेरिकेने मार्च १९४२ मध्ये त्यासाठी कायदा केला. बारा महिने काही कळलं नाही की प्रकरण पुन्हा तपासायचं आणि माणूस मेला असं ठरवता यायचं. माझ्या वाचकांना आपल्याकडचा १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा आठवेल. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बायकोला कोर्टात जाता येतं. त्याआधी फिक्हच्या किताबांत 'मफ्कूद'च्या बायकोने किती वर्षं थांबावं यावर आलिमांनी किती खल केलाय. म्हणजे हा प्रश्न नवा नव्हता. पॅसिफिकने तो एकाच वेळी हजारो घरांत नेऊन ठेवला. इद्दत कोणत्या तारखेपासून मोजायची, हे कुठल्याच घरात माहीत नव्हतं.

अमेरिकेची दुसऱ्या महायुद्धातली बेपत्ता माणसं आजही सुमारे ७२ हजार आहेत. जपानचे परदेशात मेलेले सुमारे २४ लाख, त्यातल्या अकरा लाखांहून जास्त जणांची हाडंही घरी आलेली नाहीत. शोध मात्र चालू असतो. न्यू गिनीच्या हान्सा उपसागरात ११ मार्च १९४४ ला ११ जणांसह पडलेलं एक बी-२४ बॉम्बर २०१७ मध्ये साठ-सत्तर मीटर खोल पाण्यात सापडलं. एका वैमानिकाच्या नातलगांनी स्वतः कागद गोळा करून तो शोध सुरू केला होता. २०२३ मध्ये पाणबुडे खाली गेले आणि पुढे त्यातल्या चौघांची ओळख पटली.

जपानने शेवटी कोणता रस्ता धरला हे सगळ्यांना माहीत आहे. २५ ऑक्टोबर १९४४ ला तेवीस वर्षांच्या युकिओ सेकीच्या तुकडीने विमानं थेट जहाजांवर घातली आणि एक विमानवाहू नौका बुडवली. आधी थोड्यांसाठी म्हणून सुरू झालेली गोष्ट मग रीत झाली. सुमारे ३८०० जण असे गेले. त्यात विद्यापीठातून उचललेली पोरं होती, जपानच्या ताब्यातल्या कोरियातलीही होती. मला विचाराल तर याची सुरुवात १९४४ मध्ये झालीच नव्हती. पाठीमागचा पत्रा काढला, टाकी उघडी ठेवली, पडलेल्याला शोधायला कुणी पाठवलं नाही, तेव्हाच परत येणं हिशेबातून गेलं होतं. नंतर ते कागदावर आलं इतकंच.

हे सगळं स्टाफरूममध्ये बोलत होतो तेव्हा आमच्यातले एक ज्येष्ठ सर चहाचा कप ठेवून म्हणाले, "तुम्ही वरच्यांचंच रडगाणं गाताय. ते बॉम्ब टाकायला आले होते. खाली कोण होतं?"

खाली कोण होतं, याचं उत्तर सोपं आणि भयंकर आहे. ९ मार्च १९४५ च्या रात्री टोकियोवर तीनशेच्या आसपास बी-२९ विमानं आग ओतायला गेली. विमानं पडली १४, त्यातले ९६ जण मेले किंवा बेपत्ता झाले. खाली एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं जळाली, बहुतेक बायका, पोरं, म्हातारी. ज्या लष्कराने समुद्रात पडलेल्या एका-एका पोरासाठी पाणबुडी ठेवली होती, त्याच लष्कराने हे केलं. मे महिन्यातल्या अशाच एका हल्ल्यात टोकियोच्या लष्करी तुरुंगात कैदेत असलेले ६२ अमेरिकी वैमानिकही जळून मेले. आजच्या बातम्यांतही मी हेच बघतो. पडलेल्या विमानाच्या वैमानिकाचं नाव, वय, गाव कळतं. खाली मेलेल्यांचा आकडा कळतो, आणि तोही दुसऱ्या दिवशी बदलतो. त्यामुळे सरांना माझ्याकडे उलट उत्तर नव्हतं. मी त्यांना शिगेआकी मोरींची गोष्ट सांगितली.

२८ जुलै १९४५ ला कुरे बंदरावरच्या हल्ल्यात 'लोनसम लेडी' आणि 'टॅलोआ' ही दोन बी-२४ विमानं पडली. नौदलाची काही विमानंही पडली. वाचलेल्यांना पकडून जवळच्या शहरात नेलं. ते शहर हिरोशिमा. 'लोनसम लेडी'चा कप्तान थॉमस कार्टराइट याला चौकशीसाठी टोकियोला हलवलं, म्हणून तो जगला. बाकीचे तिथेच होते. ६ ऑगस्टला त्यांच्याच देशाने बॉम्ब टाकला. बारा अमेरिकी त्यात मेले. दोघं पुढे तेरा दिवस जगले आणि १९ ऑगस्टला गेले.

मोरी तेव्हा आठ वर्षांचे होते. बॉम्ब पडला तिथून अडीच किलोमीटरवर एका पुलावर. धक्क्याने नदीत फेकले गेले, म्हणून वाचले. मोठेपणी ते इतिहासाचे प्राध्यापक झाले नाहीत, कंपनीत नोकरी केली. सुट्टीच्या दिवशी हिरोशिमाचे कागद तपासायचे. त्यातून या बारा जणांचा पत्ता लागला. घरच्यांना त्यांचं नेमकं काय झालं हे धड कुणी सांगितलेलं नव्हतं. मोरींना इंग्रजी फारसं येत नव्हतं. ते टेलिफोन ऑपरेटरला आडनाव द्यायचे आणि अमेरिकेतल्या एका-एका राज्यात त्या आडनावाच्या घरी फोन लावायला सांगायचे. फोनची बिलं स्वतःच्या खिशातून. असं जवळपास चाळीस वर्षं. कार्टराइट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला. ज्या इमारतीत कैदी होते त्या जागेवर मोरींनी स्वखर्चाने त्यांच्या आठवणीचा फलक लावला. बारा जणांची नावं हिरोशिमाच्या मृतांच्या नोंदीत यावीत म्हणून एक-एक कुटुंबाची परवानगी मिळवली.

सर म्हणाले, "पण का? त्यांनीच तर शहर जाळलं." मी म्हटलं, या बाराजणांनी नाही जाळलं, पण कुरेवर बॉम्ब टाकायला ते आलेच होते, हेही खरं आहे. मोरींनी ते लपवलं नाही. बॉम्बने मेलेल्यांची मोजणी करायला ते बसले होते आणि त्यात हे बारा होते, म्हणून मोजले. सरांचं पूर्ण समाधान झालं नाही. ते म्हणाले, मग खालच्या प्रत्येकाचं नाव अमेरिकेत कुणी असं शोधलं का? मी गप्प बसलो.

२७ मे २०१६ ला ओबामा हिरोशिमाला आले. भाषणात त्यांनी त्या बारा कैद्यांचाही उल्लेख केला आणि नंतर मोरींना जवळ घेतलं. मोरींना रडू आवरेना. तो फोटो जगभर छापला गेला. पुढच्या ऑफ तासाला मी तो मोबाइलवर काढून मुलांना दाखवला आणि गोष्ट थोडक्यात सांगितली. चाळीस झिरो पाडणाऱ्या पोराने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "सर, यातला पायलट कोणता?"

दोघांपैकी कुणीच नाही, असं त्याला सांगून मी हजेरीपट उघडला आणि पुढचा अर्धा तास बारा जणांतल्या प्रत्येकाचं काय झालं ते सांगण्यात गेला.